कापसाची खोली

आमच्या घरात त्या पंपाला ‘डबी’ म्हणतात. मुलगी पावणेदोन वर्षांची असताना डॉक्टरांनी तिला पहिल्यांदा श्वासाचा पंप लिहून दिला. सोबत एक प्लास्टिकचं नळकांडं, एका टोकाला पंप बसवायचा, दुसऱ्या टोकाचा मास्क मुलाच्या नाकातोंडावर धरायचा. पुढच्या रविवारी सासूबाई सिल्लोडजवळच्या गावाहून आमच्या पुंडलिकनगरच्या फ्लॅटवर आल्या. दोन्ही वस्तू टीव्हीखालच्या फळीवर होत्या. चपला काढायच्या आधीच त्यांनी त्या पाहिल्या. पाणी पिऊन झाल्यावर उठल्या, दोन्ही पदराखाली घेतल्या आणि स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यामागे नेऊन ठेवल्या.

“अशी डबी कुणी म्होरं ठेवतं का, माय,” त्या मला म्हणाल्या. रागानं नाही. गॅलरीत वाळत घातलेले आतले कपडे पाहुणे यायच्या आधी काढून घ्यावेत, तशा सहज.

तेव्हापासून डबी. “डबी दिली का?” “डबी संपत आली.” फोनवरही डबीच. डॉक्टरांनी सांगितलेला शब्द बाळदमा होता, पण त्यातला ‘दमा’ आमच्या घरात कुणी तोंडातून काढला नाही. ‘ॲलर्जी’ चालायचं. ॲलर्जी म्हटलं की शहरातलं, थोडं लाडाचं काहीतरी वाटतं. दमा म्हटलं की बाजेवर बसून थुंकीचं भांडं जवळ घेतलेलं म्हातारं माणूस. आणि आमची तर मुलगी. मुलीचं लग्न ती दोन वर्षांची असतानाही घरात कुठंतरी एका कोपऱ्यात बसलेलं असतं.

मी स्वतः हा आजार आधी इंग्रजीत शिकले. शाळेत, पाठ्यपुस्तकात, फुप्फुसांच्या आकृतीखाली. माझं माहेर गुलमंडीच्या मागच्या गल्लीतलं, वडील सरकारी कचेरीत, आणि मला घातलं होतं मिशनच्या इंग्रजी शाळेत. तिथं एक गोष्ट मी पक्की शिकले: उत्तराची खात्री नसेल तर हात वर करायचा नाही. खात्री असली तरी मी बहुतेक वेळा करत नसे. सासरी याचा अर्थ वेगळा लागला. मी गप्प असले की जावा एकमेकींकडे बघायच्या. “मॅडम विचार करायलीय,” एक म्हणायची. “इंग्रजीत करायलीय, आपल्याला नाय कळायचं,” दुसरी. मीही हसायचे. घाबरलेय हे कळण्यापेक्षा शिष्ट समजलेलं बरं, असं तेव्हा वाटायचं.

आजार कसा यायचा हे मला अजून पाठ आहे. आधी दोन दिवस नाक. मग संध्याकाळी कोरडा खोकला, ठरल्या वेळी येणारा. मग छातीत बारीक शिट्टी. शर्ट वर केला की बरगड्यांमधली कातडी श्वासागणिक आत जाताना दिसायची, आणि पोट उडायला लागायचं. ‘पोट उडतंय’ हा शब्द मला शेजारच्या काकूंनी दिला. त्याआधी मी डॉक्टरांना फोनवर ते इंग्रजीत समजावत होते आणि ते मला म्हणाले होते, “ताई, मराठीत सांगा, लवकर कळेल.”

दर महिना-दीड महिन्याला हे व्हायचं. डॉक्टर वयस्क होते, कमी बोलायचे. त्यांनी दोन पंप दिले. निळा, दम लागला की द्यायचा. तपकिरी, रोज सकाळ-संध्याकाळ, बरं असलं तरी. “बरं असताना तर जास्तच,” ते म्हणाले. घड्याळ धरून मिनिटाचे श्वास कसे मोजायचे ते त्यांनी मला शिकवलं. हातावर टोचून तपासणी झाली, आणि त्यांनी कागदावर यादी लिहून दिली. धूळ, धूर, उदबत्ती, जुन्या रजया, कापसाची गादी, कापसाचे तंतू. कापूस त्यांनी दोनदा लिहिला होता, आणि शेती आहे का असं विचारून त्याच्याखाली रेघ मारली होती.

यादी मी फ्रिजवर लावली. पुढच्या रविवारी तीही पिठाच्या डब्यामागे गेली.

तपकिरी पंप तीन वेळा बंद झाला. मुलगी पंधरा दिवस नीट राहिली की आत्या म्हणायच्या, “आता कशाला? सवय लागंल. मग जन्मभर डबी घेऊन फिरंल.” आमच्याकडे सासूला आत्या म्हणायची रीत आहे, सासऱ्यांना मामा. मी काही बोलायच्या आत माझे मिस्टर म्हणायचे, “बघू ना चार दिवस. नाहीतर आहेच.” ते वाईट नव्हते. वाळूजला कंपनीत कामाला, घरी आले की मुलीला खांद्यावर घेऊन सगळ्या खोल्यांतून फिरवायचे. फक्त आईसमोर त्यांना कुठलंच वाक्य पूर्ण करता येत नसे. चार दिवसांनी पुन्हा खोकला, पुन्हा शिट्टी, पुन्हा दवाखान्यात वाफ. मग आत्या विचारायच्या, “तुमच्याकडं कुणाला हाय का असं? तुझ्या आईकडं? आजीकडं?” मी नाही म्हणायचे. “नीट इचार बरं,” त्या म्हणायच्या. मी खरंच आईला फोन करून विचारलं. तीन वर्षांत तीनदा विचारलं. आई शेवटी चिडून म्हणाली, “अगं, नाही म्हणून सांगितलं ना. आता काय पणजीला विचारून येऊ?”

एका कोजागिरीला आत्या तिला घेऊन गावाजवळच्या एका ठिकाणी गेल्या. तिथं दम्याच्या लोकांना खिरीतून औषध देतात. मीही होते. रांगेत सगळे दम्याचेच, त्यासाठीच आलेले. औषध वाढणाऱ्या माणसानं विचारलं, “लेकराला किती दिवसांपासून दमा?”

“नाय नाय,” आत्या म्हणाल्या, “जरा सर्दी ऱ्हाती.”

त्या माणसानं वर पाहिलं, खीर वाढली. त्याला सवय असावी. रांगेतल्या अर्ध्या लोकांना सर्दीच असेल.

हे सगळं मी सांगतेय ते त्या एका दिवसाकडे यायचं लांबवतेय म्हणून.

मुलगी साडेचार वर्षांची होती. माझ्या नणंदेला बघायला भोकरदनकडचे पाहुणे येणार होते. नणंद माझ्याहून तीन वर्षांनी लहान, बी.एड. झालेली, हसरी, आणि सासरच्या माणसांत माझ्याशी खरं बोलणारी ती एकटीच. मुलगा बँकेत. त्याआधी दोन ठिकाणी जमत आलेलं मोडलं होतं. त्यामुळं या वेळी घरात सगळे दबक्या पावलांनी वावरत होते, आम्ही शहरातून निघायच्या आधीपासूनच. आत्यांचा आदल्या दिवशी फोन आला. “डबीचं जरा बघा,” एवढंच त्या माझ्या मिस्टरांना म्हणाल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी बॅग भरत होते. मी मान हलवली.

जळगाव रोड तेव्हा रुंदीकरणासाठी पूर्ण उकरून ठेवला होता. काचा बंद ठेवूनही धूळ आत येत होती. फुलंब्रीच्या पुढं मुलगी खोकायला लागली. गावाच्या फाट्यावर मिस्टरांनी गाडी बाजूला घेतली. “इथंच देऊन टाक,” ते म्हणाले, “घरी नको.” बाभळीखाली, गाडीच्या मागच्या सीटवर, मी तिला नळकांड्यातून निळा पंप दिला. एक म्हातारा शेळ्या घेऊन चालला होता, तो थांबून बघायला लागला, तर मिस्टर त्याच्या आणि खिडकीच्या मध्ये जाऊन उभे राहिले आणि त्याला शेळ्यांचा भाव विचारू लागले.

घरी पोचल्यावर आत्यांनी मुलीला उचलून घेतलं, मुका घेतला आणि दुसरा हात माझ्यापुढं केला. “पर्स दे इकडं. पाहुण्यांच्या बाया घरभर फिरत्यात. काय काय उचकून बघत्यात.” पर्समध्ये पंप आणि नळकांडं होतं, हे त्यांना माहीत होतं, मलाही. मी पर्स दिली. ती बैठकीच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात गेली. कपाटाला कुलूप लागलं आणि चावी आत्यांच्या कमरेला.

घर सरळ रेषेत आहे. पुढं बैठकीची खोली, मग स्वयंपाकघर, त्याच्या बाजूला एक मागची खोली. तिची एक भिंत बैठकीला लागून. त्या वर्षी दिवाळीनंतर भाव पडले होते, म्हणून मामांनी कापूस विकला नव्हता. आमच्या भागात सगळेच तसं करतात. भाव येईपर्यंत कापूस घरात, माणसं बाहेर. मागच्या खोलीत तो खिडकीच्या गजांपर्यंत भरलेला होता. दार उघडलं की फक्त दोन पावलं उभं राहण्यापुरती फरशी दिसायची.

पाहुणे आले तेव्हा साडेअकरा झाले असतील. सातजण, एक मोठी गाडी, ती थेट अंगणात, मागच्या खोलीच्या खिडकीला लावलेली. मुलीचा खोकला तेव्हाच पुन्हा सुरू झाला. पोह्यांच्या ताटल्या भरणाऱ्या आत्यांनी वळून पाहिलं.

“हिला घेऊन मागं बस जरा,” त्या म्हणाल्या.

“मागं कापूस आहे, आत्या.”

“मऊ हाय की. खेळंल त्याच्यात.”

“डॉक्टरांनी कापूस…”

“अर्ध्या तासाचं काम हाय, बाई.” त्यांनी आवाज खाली आणला. “माझ्या पोरीच्या जन्माचा सवाल हाय. तुझी काय आज मरायली नाय.”

हे शेवटचं त्या बोलून गेल्या आणि लगेच त्यांनी स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला, अशुभ बोलल्यावर ठेवतात तसा. मी ते पाहिलं. मला त्यांची दयाही आली. आणि मी मुलीला उचलून मागच्या खोलीत गेले, आणि दार आतून लोटलं.

मला कुणी ढकललं नव्हतं. रेघ मारलेली यादी मी वाचलेली होती. त्या घरातल्या माणसांना कापूस म्हणजे पीक होतं. त्यांनी तो हातांनी वेचला होता, त्याच्यावर झोपून मोठे झाले होते, त्यांना त्याचं भय कुठून वाटणार? मला माहीत होतं. उत्तर माहीत असून हात वर न करणारी मीच होते.

मुलगी मात्र आनंदली. ती कापसात कमरेपर्यंत रुतली, दोन्ही हातांनी उडवायला लागली. “आई, साबणाचा फेस,” ती म्हणाली. बंद खिडकीच्या फटीतून उन्हाची एक पट्टी येत होती, आणि त्या पट्टीत काय काय तरंगत होतं ते मला स्पष्ट दिसत होतं. वाळलेल्या पाल्याचा चुरा, तंतू, धूळ. मी तिला ओढून मांडीवर घेतलं, पदर तिच्या नाकावर धरला. ती पदर ढकलत होती, तिला खेळायचं होतं.

भिंतीपलीकडचं सगळं ऐकू येत होतं.

“औंदा कापूस किती झाला?” पाहुण्यांपैकी कुणीतरी विचारलं.

“झाला बरा. पण भाव कुठंय?” मामा म्हणाले.

“म्हंजी तुमच्यात बी माणसं वसरीत अन् कापूस घरात,” तो माणूस म्हणाला, आणि सगळे हसले.

मुलगी खोकली. त्याच क्षणी माझ्या मिस्टरांचा आवाज चढला. रस्त्याचं काम किती वर्षं चाललंय, कंत्राटदार कसे पळून जातात. ती थांबली, त्यांचा आवाज खाली आला. ती पुन्हा खोकली, ते पुन्हा चढ्या आवाजात बोलू लागले, या वेळी पावसाबद्दल. तीन-चार वेळा असं झाल्यावर मला कळलं की ते ठरवून करतायत. हा मनुष्य माझ्याशी लग्न झाल्यापासून कधी मोठ्यानं बोलला नव्हता.

मग नणंदेला आणलं. पाट सरकवल्याचा आवाज आला. कुणी शिक्षण विचारलं, कुणी शेतातली कामं येतात का ते. “स्वयंपाकाचं काय?” एका बाईनं विचारलं. नणंद म्हणाली, “येतो. पण पुरणपोळी फुटते.” पुन्हा हशा. तिचं चांगलं चाललं होतं. मला तिच्यासाठी बरं वाटलं, आणि त्याच वेळी मी मनगटावरचं घड्याळ धरून मुलीचे श्वास मोजत होते. बेचाळीस. काही वेळानं पुन्हा. पन्नासच्या वर. तिच्या गळ्याखालचा खड्डा दर श्वासाला आत जात होता. पोट उडत होतं. मी स्वतःला सांगत होते, आता चहा आला असेल, चहा झाला की उठतील. चहा आला. उठले नाहीत. मुलाचे काका मामांना विहिरीबद्दल विचारू लागले.

पंधरा मिनिटं. मी घड्याळ बघतच होते, त्यामुळं मला नक्की माहीत आहे. खोलीत पाऊल ठेवल्यापासूनची गणती मी करत नाही, पन्नास मोजल्यानंतरची पंधरा मिनिटं.

मग तिचा खोकला थांबला. भिंतीपलीकडं मिस्टरांचा आवाज खाली आला, नेहमीसारखा झाला. त्यांना वाटलं, संपलं. डॉक्टरांनी मला सांगून ठेवलं होतं, खोकला थांबला आणि मूल बोलेनासं झालं तर वाट बघायची नाही. मी तिला विचारलं, “पाणी?” तिनं माझ्याकडे पाहिलं. ओठ हलवले. शब्द आला नाही. ओठांच्या कडा वेगळ्याच रंगाच्या दिसत होत्या.

मी उठले. स्वयंपाकघरात जावा होत्या, आत्या नव्हत्या. त्या बैठकीत पाहुण्यांच्या बायकांजवळ बसल्या होत्या. मी तशीच बैठकीत गेले. डोक्यावर पदर नव्हता, अंगभर कापूस चिकटलेला, कडेवर मूल. आयुष्यात इतक्या लोकांसमोर मी कधी आपणहून बोलले नव्हते.

“आत्या, कपाटाची चावी द्या,” मी म्हणाले. “हिला दमा आहे. पंप काढायचाय.”

आत्या माझ्याकडे बघत राहिल्या, चावीला हात लावेनात. मला वाटतं त्या मला नाही, त्या शब्दाला बघत होत्या. मी खाली वाकले आणि त्यांच्या कमरेची चावी स्वतःच ओढून काढली. सासूच्या कमरेला हात घालणारी सून. हे पुढं पुष्कळ दिवस बोललं गेलं, बाकीचं कमी बोललं गेलं.

माझ्या हातून कुलूप उघडेना. मिस्टर उठले, त्यांनी उघडलं. पाहुण्यांच्या समोर, पोह्यांच्या रिकाम्या ताटल्यांमध्ये फरशीवर बसून मी तिला पंप दिला. एक, थांबून दुसरा, थांबून तिसरा. मुलाची आजी, चष्म्याला दोरी बांधलेली, माझ्याजवळ सरकली.

“दमाय व्हय?” ती म्हणाली. “मग लेकरू कापसात कशाला घेऊन बसलीस, माय?”

तिनंच आपल्या नातवाला सांगितलं, “ऊठ, गाडी काढ.” ज्याला बघायला नणंद पाटावर बसली होती तो मुलगा आमच्या मुलीला सिल्लोडच्या दवाखान्यात घेऊन गेला, दर दोन मिनिटांनी मागं वळून “ताई, जास्त हलतंय का गाडी” विचारत. चांगला मुलगा होता. नणंदेसाठी चांगला झाला असता.

सिल्लोडला वाफ आणि सुई. तिथून शहरात, चार दिवस भरती. ऑक्सिजनची नळी तिनं पहिल्या दिवशी तीनदा ओढून काढली, आणि तिसऱ्या वेळी मला बरं वाटलं, कारण ओढायची ताकद आली होती. मिस्टर दवाखान्याच्या बाकावर बसून होते. म्हणाले, “खोकला थांबला, मला वाटलं, झोपली.”

मी उठून आत गेले, मुलीचे श्वास मोजायला.

तिसऱ्या दिवशी आत्या आल्या, डिंकाचे लाडू घेऊन. मुलगी झोपली होती. त्या तिच्या पायाशी बसल्या, चादरीवरून तिच्या पावलांवर हात ठेवून. मग माझ्याकडे न बघता बोलू लागल्या. त्यांची थोरली बहीण होती. तिला धाप लागायची. न सांगता लग्न लावून दिलं. सहा महिन्यांत सासरच्यांनी बैलगाडीत घालून परत आणून सोडली. “पुढं लई दिवस काढले नाहीत तिनं,” आत्या म्हणाल्या. “तवापासनं मला त्या शब्दाचं भ्याव हाय.”

मला तेव्हा रडू यायला हवं होतं. मी मनात वेगळंच जुळवत होते. म्हणजे हे त्यांच्या घरात होतं. त्यांना माहीत होतं. आणि तीन वर्षं त्या मला माझ्या आजीचं, पणजीचं विचारायला लावत होत्या. मी त्यांना म्हणाले, “चहा घेता का?” त्या नको म्हणाल्या. त्यांनी मन मोकळं केलं होतं आणि मी ते तसंच तिथं पडू दिलं. त्याचं मला वाईट वाटतं का? रोज वेगळं उत्तर येतं.

आठ दिवसांनी पाहुण्यांचा निरोप आला. पत्रिका जमत नाही. पत्रिका आधीच पाहिलेल्या होत्या. घरात मला कुणी दोष दिला नाही. फक्त चावीची गोष्ट फिरत राहिली. नणंद महिनाभरानं फ्लॅटवर आली, मुलीसाठी रंगांची पेटी घेऊन. निघताना दारात, चप्पल घालताना, ती म्हणाली, “वहिनी, एक सांगू? दोनच मिनिटं थांबला असतात ना. ते उठतच होते.”

मी पंधरा मिनिटं थांबले होते. तिला हे सांगितलं असतं तर तिला वाटलं असतं, मी माझ्या बाजूनं बोलतेय. आणि खरं तर ती पंधरा मिनिटं माझ्या बाजूची नव्हतीच, माझ्या मुलीच्या विरुद्धची होती. मी म्हणाले, “जपून जा.” त्यानंतर ती मला सणाला फोन करते, तब्येत विचारते. खरं बोलत नाही. मीही नाही.

तपकिरी पंप त्यानंतर कधी बंद झाला नाही, एवढं मात्र झालं. आत्यांनीही पुन्हा त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. कापूस दरवर्षी मागच्या खोलीत येतो, आम्ही त्या दिवसांत गावाला जात नाही, आणि त्याचं कारण मुलीची परीक्षा असतं, जानेवारीतही, दिवाळीतही.

नणंदेचं लग्न पुढं जालन्याला झालं. गेल्या वर्षी तिच्या मुलाचं जावळ होतं. आम्ही गेलो. मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती. अंगणात चुलीवर स्वयंपाक, घरात माणसंच माणसं, देवाजवळ उदबत्तीचा अख्खा पुडा लावलेला. मी तिच्यावर नजर ठेवून होते. जेवणं चालू असताना ती दिसेना. वरच्या मजल्यावर न्हाणीघराचं दार बंद होतं, आतून नळाचा आवाज येत होता, बादली भरून वाहत असावी असा. मी दार वाजवलं. नळ थांबायला वेळ लागला.

ती बाहेर आली, चूळ भरलेलं तोंड फ्रॉकला पुसत. पंप तिनं रुमालात गुंडाळून मोज्यात खोचला होता. तसं करायला मी तिला कधीच सांगितलं नव्हतं.

“दम लागला होता का?” मी विचारलं. “मला का नाही बोलावलंस?”

“थोडासाच,” ती म्हणाली. मग माझा चेहरा बघून तिला वाटलं असावं की मी घाबरलेय. तिनं माझा हात धरला, आणि जिन्याकडे एकदा बघून, आवाज खाली आणून मला धीर दिला, “नळ सोडला होता, आई. कुणालाच ऐकू नाही आलं.”